जहाज फू मीला, शहर दोन तासांवर: क्रूझवरून उतरून सायगॉनमध्ये एक दिवस

क्रूझच्या पत्रकात लिहिलेलं असतं 'हो ची मिन्ह सिटी'. सकाळी बाल्कनीचा पडदा सरकवावा तर समोर कंटेनरचे ढीग, क्रेन आणि गढूळ नदी. शहराचा कुठे पत्ता नाही. हे फू मी बंदर. लहान जहाजं सायगॉन नदीतून थेट शहरापर्यंत जातात, पण आपल्याकडची मंडळी सिंगापूरहून ज्या मोठ्या जहाजांवर चढतात ती इथेच थांबतात. इथून शहराचा मध्य सुमारे 70 किलोमीटर. गंमत अशी की 1 जुलै 2025 पासून हा सगळा भाग, म्हणजे जुना बा रिया-वुंग ताऊ प्रांत, हो ची मिन्ह सिटीतच विलीन झाला. तेव्हा पत्रक आता खोटंही म्हणता येत नाही. पण हद्द वाढली म्हणून रस्ता आखूड होत नाही. बसला पावणेदोन ते दोन तास लागतातच.

शहराला तिथले लोक बोलताना सायगॉनच म्हणतात, मीही तेच म्हणेन.

आधी घड्याळ, मग नकाशा

बहुतेक जण यादीपासून सुरुवात करतात: हे बघायचं, ते बघायचं, कू चीची युद्धकाळातली भुयारंही उरकायची. उलट करा. 'ऑल अबोर्ड' म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परत यायची वेळ कागदावर सर्वांत खाली लिहा आणि तिथून वर मोजत या.

समजा जहाज संध्याकाळी 6 ला सुटणार आणि परत यायची वेळ 5.30 आहे. एक तास राखीव ठेवा, म्हणजे बंदराच्या फाटकावर 4.30. परतीचे दोन तास वजा केले की शहर सोडायचं 2.30 ला. सकाळी जहाज 7 ला लागलं, तरी कागदपत्रं होऊन बस हलेपर्यंत 8 वाजतात आणि शहरात पाय ठेवायला 10. हातात उरले साडेचार तास. अख्खा दिवस नाहीच, दोन जेवणांमधली एक मोठी सकाळ आहे. कू ची शहराच्या दुसऱ्या टोकाला, वायव्येकडे आहे. फू मीहून तिथे जायचं म्हणजे दिवसभर बसच्या खिडकीतून व्हिएतनाम पाहायचा. शहरही पाहायचं असेल तर कू चीचा विचार सोडा.

आणखी एक सापळा वेळेचाच. व्हिएतनाम भारतापेक्षा दीड तास पुढे आहे, पण सिंगापूरपेक्षा एक तास मागे. फोन आपोआप व्हिएतनामची वेळ दाखवू लागतो. जहाज मात्र सिंगापूरच्या वेळेवरच चालत असेल, तर फोनमधले साडेचार म्हणजे जहाजाचे साडेपाच. आमच्या ओळखीतलं एक जोडपं याच घोटाळ्यामुळे शेवटची पाचशे मीटर धावत आलं होतं, तेही खरेदीच्या पिशव्यांसकट. आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या कागदावर जहाजाची वेळ तपासा आणि घरातल्या एकाच्या मनगटावर साधं, इंटरनेट नसलेलं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा.

व्हिसा आणि कागद

भारतीय पासपोर्टवर व्हिएतनामला व्हिसा लागतो. ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरून मिळतो. एकदा प्रवेशाचे 25 डॉलर, अनेकदा प्रवेशाचे 50, आणि मुदत जास्तीत जास्त 90 दिवस. फॉर्ममध्ये प्रवेशाचं आणि बाहेर पडायचं ठिकाण निवडावं लागतं. तिथे अंदाजाने काही निवडू नका, जहाज कंपनी जे बंदर सांगेल तेच घाला. काही कंपन्या प्रवाशांची उतरण्याची परवानगी एकत्रितपणे काढतात, काही सगळं तुमच्यावर सोडतात. हे बुकिंगच्या वेळीच ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी हातात राहतं.

जहाज मधेच कंबोडियाला जाऊन पुन्हा व्हिएतनामच्या दुसऱ्या बंदरात येणार असेल, तर एकदा प्रवेशाचा व्हिसा कमी पडतो. तीच गोष्ट सिंगापूरच्या व्हिसाची. जहाज तिथूनच सुटतं आणि तिथेच परततं, म्हणजे तुमचा प्रवेश दोनदा होतो. आणि नावाबद्दल: आपल्या पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं. फॉर्म भरताना ते गाळायचा मोह होतो. गाळू नका, पासपोर्टात जसं आहे तसंच लिहा.

उतरताना जहाजाचं कार्ड आणि हातात देतील तो परवान्याचा कागद, दोन्ही जवळ हवेत. पासपोर्ट बरेचदा जहाजाकडेच जमा असतो. त्याचा फोटो फोनमध्ये असू द्या.

फू मीहून शहरात कसं जायचं

फू मी हे मालवाहू बंदर आहे. कंटेनरच्या आवारात पायी फिरता येत नाही, बंदराच्या शटलने फाटकापर्यंत यावं लागतं. फाटकाबाहेर लगेच शहर सुरू होत नाही, तिथे फक्त टॅक्सीवाले उभे असतात.

तीन मार्ग आहेत. पहिला, जहाजाचीच सहल. महाग, माणसं चाळीस, गाइडच्या हातात झेंडा. पण बस वाहतुकीत अडकली तर जहाज थांबतं, आणि बरोबर आई-वडील असतील तर या एका वाक्याची किंमत मोठी आहे. दुसरा, आधीच ठरवलेली खासगी गाडी. चार-सहा जण असाल तर माणशी बरंच स्वस्त पडतं. दर ठरवताना दिवसभराचं थांबणं, टोल आणि पार्किंग धरून आहे का ते विचारा, आणि ड्रायव्हर नेमका कुठल्या फाटकावर भेटेल ते आदल्या दिवशी पक्कं करा. फाटकावर उभं राहून ॲपवरून गाडी बोलवायचा बेत मात्र करू नका. जाताना एखादी मिळेलही, येताना बंदराच्या आडरस्त्याला यायला कुणी तयार होईलच असं नाही.

तिसरा मार्ग मला सगळ्यांत आवडतो: जहाजाची फक्त ने-आण करणारी बस. ती शहराच्या मध्यात, बहुतेकदा ऑपेरा हाउसच्या आसपास सोडते आणि ठरलेल्या वेळी तिथूनच उचलते. रस्त्याची काळजी कंपनीची, फिरणं आपलं. अशा बसला उशीर झाला तर जहाज थांबणार का, एवढं मात्र तिकीट घेतानाच विचारून घ्या.

खिशात काय

व्हिएतनामचं चलन डोंग. शून्यं पाहून परदेशी पाहुणे गोंधळतात, पण लाखात मोजायची सवय इथे आपल्या कामी येते. एक लाख डोंग म्हणजे साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशे रुपये, निघण्यापूर्वी ताजा दर पाहा. 20 हजारांची नोट निळी आणि 5 लाखांची नोटही निळसरच. घाईत एकीच्या जागी दुसरी गेली की सतराशे रुपयांचं नारळपाणी पिता. 5 लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. सहल अर्ध्या दिवसाची, तेव्हा माणशी 40-50 डॉलर बदलले तरी तिकिटं, जेवण, कॉफी आणि थोडी खरेदी आरामात होते.

फोनमध्ये ई-सिम आणि गाडी बोलवायचं ग्रॅब ॲप घालूनच निघा. शहरातल्या शहरात ग्रॅबच बरं, भाडं आधी दिसतं आणि घासाघीस नाही. शहर आता प्रशासकीयदृष्ट्या वॉर्डांत विभागलंय, जुने डिस्ट्रिक्ट रद्द झालेत. पण गाइडपासून कॉफीवाल्यापर्यंत सगळे अजून 'डिस्ट्रिक्ट 1' असंच म्हणतात, आणि आपल्याला फिरायचंय ते तिथेच.

पाणी बाटलीबंदच प्या. मे ते नोव्हेंबर पावसाळा, दुपारी अचानक धो धो कोसळतो. डिसेंबर ते एप्रिल कोरडा, पण ऊन मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देतं. तेतच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या दिवसांत निम्मं शहर बंद असतं. त्या आठवड्यातली क्रूझ स्वस्त दिसली तर कारण हेही असू शकतं.

चालायचा फेरा

पुढचा क्रम मी असा लावलाय की उन्हात चालणं कमी आणि शेवट बसच्या जागेजवळ. सगळी ठिकाणं जवळजवळ आहेत, दोन ठिकाणांतलं कुठलंही अंतर फार तर एक किलोमीटर.

*पोस्ट ऑफिस, सकाळी 10.* ऑपेरा हाउसपासून डोंग खोई रस्त्याने सरळ वर चालत या. पिवळी इमारत 1886 ते 1891 दरम्यान फ्रेंचांनी बांधली. आयफेल टॉवरवाल्या आयफेलनेच ती बांधली, असं सहलीचे गाइड हमखास सांगतात. खरं म्हणजे आराखडा आल्फ्रेड फुलू या वास्तुविशारदाचा. आत कमानीचं उंच छत, दोन बाजूंच्या भिंतींवर रंगवलेले जुने नकाशे, समोर हो ची मिन्ह यांचं चित्र. पोस्ट अजून चालू आहे. घरी एक पोस्टकार्ड टाका, तुम्ही घरी पोहोचल्यावर बऱ्याच दिवसांनी ते येईल तेव्हा मजा वाटते. समोरचं लाल विटांचं नोत्र-दाम चर्च 1880 मध्ये पूर्ण झालं. 2017 पासून त्याची दुरुस्ती सुरू आहे, म्हणून बाहेरून पाहा आणि पुढे चला. अर्ध्या तासात हे दोन्ही झालं पाहिजे.

*राजवाडा, 10.30.* चर्चमागच्या बागेच्या सावलीतून पाच-सात मिनिटं चाललं की समोर 'इंडिपेंडन्स पॅलेस'चं फाटक. तिकीट 40 हजार डोंग. घाई करू नका, एक तास द्या, कारण या वास्तूची गोष्ट माहीत असेल तर तीच खोली वेगळी दिसते. इथे आधी फ्रेंचांचा राजवाडा होता. 27 फेब्रुवारी 1962 ला दक्षिण व्हिएतनामच्या स्वतःच्याच हवाई दलातल्या दोन वैमानिकांनी अध्यक्ष दिएम यांना मारण्यासाठी त्यावर बॉम्ब टाकले. दिएम वाचले, डावी बाजू पडली. दिएम यांनी उरलेलंही पाडून नवीन बांधायला घेतलं, आणि ते पूर्ण व्हायच्या आत, 1963 मध्ये, लष्करी उठावात मारले गेले. 1966 मध्ये उभी राहिलेली ही इमारत न्गो व्हिएत थू या व्हिएतनामी वास्तुविशारदाची. दर्शनी भागावरचे दगडी पडदे बांबूच्या पेरांसारखे आहेत. त्यांतून वारा आत येतो आणि एसीशिवाय दालनं थंड राहतात.

30 एप्रिल 1975 ला याच फाटकातून उत्तरेचे रणगाडे आत घुसले आणि युद्ध संपलं. बागेत उभे असलेले दोन रणगाडे त्याच जातीचे, पण ते दोन नव्हेत. मूळचे हनोईत आहेत. वरच्या गच्चीवर हेलिकॉप्टर आहे. पण वेळ कमी असेल तर गच्ची सोडा आणि तळघर पाहा: अरुंद बोळ, भिंतीवरचे युद्धाचे नकाशे, जुने टेलिफोन. वरची गालिच्यांची दालनं आणि खालचं हे भुयारी कार्यालय एकाच माणसासाठी, अध्यक्षासाठी, होतं, हे तिथे उभं राहिल्यावर नीट कळतं.

*युद्ध संग्रहालय, 11.45.* राजवाड्यापासून पायी दहा मिनिटं, तिकीट इथेही 40 हजार डोंग. सप्टेंबर 1975 मध्ये उघडलं तेव्हा याच्या नावातच अमेरिकेचे 'गुन्हे' होते. 1990 मध्ये अमेरिकेचं नाव गळलं, आणि 1995 मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध पुन्हा जुळले तेव्हा आजचं साधं नाव आलं. अंगणातली विमानं-हेलिकॉप्टरं मुलांना आवडतात आणि सगळे तिथेच फोटोंत वेळ घालवतात. तुम्ही थेट सर्वांत वरच्या मजल्यावर जा आणि खाली उतरत या. वर युद्धात मारल्या गेलेल्या दोन्ही बाजूंच्या छायाचित्रकारांनी काढलेली चित्रं आहेत. एजंट ऑरेंजचं दालन पाहणं अवघड आहे. 1961 ते 1971 या काळात अमेरिकेने फवारलेल्या या तणनाशकातल्या डायॉक्सिनचे परिणाम पुढच्या पिढ्यांच्या शरीरांवर दिसतात, आणि ते फोटो कुठेही झाकलेले नाहीत. दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना घेऊन एकाने खाली थांबावं. संग्रहालय एका बाजूने बोलतं, हे खरं. ते ध्यानात ठेवून पाहा, पण पाहा.

इथे आपल्याकडच्या एका फॉरवर्डचा निकाल लावतो. व्हिएतनामने शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यावरून अमेरिकेला हरवलं, तिथल्या नेत्याच्या समाधीवर तसं कोरलंय, वगैरे. याला कसलाही आधार नाही. महाराजांची थोरवी त्यावर अवलंबून नाही, आणि गाइडला तो प्रश्न विचारून झालेली शांतता मी अनुभवली आहे.

*मारिअम्मन देऊळ, 1 च्या सुमारास.* त्रुओंग दिन्ह रस्त्यावर, बेन थान्ह बाजारापासून चार-पाच मिनिटांवर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे आलेल्या तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं. चपला काढून आत जा. गोपुर आपलं, उदबत्त्यांचा जुडगा धरायची पद्धत मात्र तिकडची, कारण आज इथे येणारे बहुतेक भाविक व्हिएतनामी आणि चिनी आहेत. गाभाऱ्यामागच्या दगडी भिंतीला कपाळ टेकवून लोक देवीपाशी मनातलं बोलतात. दहाच मिनिटं लागतात, पण सगळ्या फेऱ्यात आमच्या आईला लक्षात राहिलं ते हेच.

*बेन थान्ह बाजार आणि जेवण, 1.15.* बाजाराची घड्याळवाली इमारत 1914 ची. आत किमती पर्यटकांच्या आहेत, घासाघीस चालते, पण तुम्हाला वेळ नाही. कॉफी, काजू, सुकं फळ एवढंच घ्या.

शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करावा: 'चाय'. व्हिएतनामीत याचा अर्थ चहा नव्हे, शाकाहार. 'आन चाय' म्हणजे शाकाहारी खाणं, 'कोम चाय' म्हणजे शाकाहारी भात-भाजी. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस टाळतात, त्यामुळे हा शब्द सगळ्यांना कळतो. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. फो नावाच्या नूडल्सच्या सूपमध्ये वर भाज्या घातल्या तरी रस्सा हाडांचाच असतो, आणि भाजीतसुद्धा न्वोक माम हा माशांचा सॉस पडतो. मांसाहारींसाठी: 'गा' कोंबडी, 'बॉ' गोमांस, 'हेओ' डुकराचं मांस, 'तोम' कोळंबी. काय खायचं नाही ते घरूनच भाषांतराच्या ॲपवर त्यांच्या लिपीत करून स्क्रीनशॉट ठेवा, उच्चाराच्या भानगडीत पडू नका. आईला डाळभातच हवा असेल तर या परिसरात भारतीय हॉटेलंही आहेत.

टेबलावर आपोआप येणारा ओला रुमाल फुकट नसतो. रक्कम किरकोळ आहे, वाद घालू नका.

*मेट्रो, 2 च्या आत.* चालून दमलात? बेन थान्हच्या पोटातच मेट्रोचं स्टेशन आहे. शहराची ही पहिली मार्गिका 22 डिसेंबर 2024 ला सुरू झाली. एकच स्टेशन जायचं, ऑपेरा हाउस. तिकीट साधारण 7 हजार डोंग, म्हणजे पंचवीसेक रुपये, आणि थंडगार गारवा.

*न्गुयेन ह्युए, शेवटची वीस मिनिटं.* ऑपेरा हाउसच्या समोरच्या बाजूला, जवळच ही रुंद, वाहनं बंद ठेवता येणारी पेठ. एका टोकाला 1908 ची नगरपालिकेची इमारत आणि हो ची मिन्ह यांचा पुतळा, दुसऱ्या टोकाला नदी. 42 क्रमांकाच्या जुन्या निवासी इमारतीत प्रत्येक मजल्यावर कॅफे आहेत. लिफ्टला थोडे पैसे पडतात. बर्फ आणि कंडेन्स्ड मिल्क घातलेली 'का फे सुआ दा' सांगा. ती कडक असते, एकीत दोघांचं भागतं.

रस्ता ओलांडणं, फोन आणि नारळवाला

दुचाकींचा लोंढा थांबेल म्हणून वाट पाहू नका, थांबत नाही. हात किंचित वर करा आणि एकाच संथ गतीने चालत राहा. दुचाकीवाले तुमचा वेग हेरून बाजूने जातात. मधेच पळायचं नाही, आणि मागे तर मुळीच सरायचं नाही. पुण्यात गाडी चालवणाऱ्यांना हे लगेच जमतं, अडचण होते ती झेब्रा क्रॉसिंगवर विश्वास ठेवणाऱ्यांची. बस आणि मोटार मात्र बाजूने जात नाहीत, त्यांना आधी जाऊ द्या.

फुटपाथच्या कडेला उभं राहून नकाशा पाहू नका, दुचाकीवरून फोन हिसकावले जातात. पिशवी रस्त्याच्या उलट्या खांद्याला. कावड घेतलेला नारळवाला हसून ती तुमच्या खांद्यावर देईल, फोटो काढून देईल आणि मग नारळाची किंमत सांगेल. सायक्लोवाल्याशी, म्हणजे सायकलरिक्षावाल्याशी, दर ठरवताना आकडा कागदावर लिहून घ्या, आणि तो माणशी की सगळ्यांचा, तेही.

पायांना हे झेपणार नसेल तर

गुडघे दुखत असतील तर राजवाडा आणि पोस्ट ऑफिस एवढंच करा, मधे ग्रॅब घ्या. चार तास बसायचंच नको वाटत असेल, तर फू मीहून उलट्या दिशेला वुंग ताऊ आहे, सुमारे तासाभरावर. समुद्रकिनारा, मासळी आणि टेकडीवर 32 मीटर उंच ख्रिस्ताचा पुतळा. पायऱ्या भरपूर आहेत, पण खालून पाहायलाही हरकत नाही.

परत

2.30 म्हणजे 2.30. नदीखालच्या थू थिएम बोगद्यातून बाहेर पडून द्रुतगती मार्गाला लागलात की निम्मं काम झालं, पण तो मार्गही दुपारनंतर तुंबतो. म्हणून तो एक तास राखीव. गाडीत बसण्यापूर्वी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन घ्या.

तुमचं जहाज उजेड असताना सुटत असेल तर केबिनमध्ये जाऊन आडवे होऊ नका. वर जा आणि उजव्या बाजूच्या डेकवर उभे राहा. जहाज नदीतून दक्षिणेला समुद्राकडे निघतं आणि बराच वेळ पश्चिमेला कान झ्योचं खारफुटीचं जंगल दिसत राहतं. युद्धात फवारणीने हे बरंचसं जळून गेलं होतं. 1978 पासून लोकांनी हाताने रोपं लावून ते पुन्हा उभं केलं, आणि 2000 मध्ये युनेस्कोने त्याला जैवमंडल राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. दुपारी संग्रहालयाच्या दालनात ज्या उघड्या-बोडक्या खारफुटीचे फोटो पाहिले, ती ही.